जुना लॅपटॉप आणि जड झालेली पानं

प्रश्न: इतवारीतल्या आमच्या किराणा दुकानाच्या लॅपटॉपला ४ जीबी रॅम आहे. ब्राउझर उघडला की तो अडकतो. नवा घ्यावा का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: नको, ताई. मशीन तेच आहे, वेबपानं जड झालीत. बातमीचा मजकूर काही केबींचा, म्हणजे अगदी हलका. एमबी, म्हणजे त्याच्या कितीतरी पट जागा, खातात त्या जाहिराती, आपोआप चालणारे व्हिडिओ आणि आपला माग काढणाऱ्या स्क्रिप्ट. फायरफॉक्स ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिन हे जाहिराती आणि अशा स्क्रिप्ट अडवणारं एक्स्टेन्शन टाका. हिशेब लिब्रेऑफिस कॅल्क या एक्सेलसारख्या मोफत प्रोग्राममध्ये ठेवा, नेट गेलं तरी काम थांबत नाही. लॅपटॉपवर विंडोज १० असेल, तर तिचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवरून चालवून बघा. धरमपेठेत माझ्या घरी हीच आहे. मे महिन्यातही पंखा फारसा घरघरत नाही, याचं मला फार समाधान आहे. ही आवृत्ती लॅपटॉपवर कायमची इन्स्टॉल करण्याआधी हिशेबाची प्रत मात्र दुसरीकडे काढून ठेवा.