अंश पाहिलास, आता छेद पाहा

सातारा

प्रिय विद्यार्थिनीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची वीस जर्नलांची यादीही. इम्पॅक्ट फॅक्टरच्या उतरत्या क्रमाने लावलीस आणि विचारलंस की रक्त आणि स्टेम सेलमधला कोणता विषय धरला तर वरच्या पाचांत लागेल. विषयाकडे मग वळू, आधी तो आकडा उघडून बघ.

२०२४चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे साधा भागाकार. २०२२ आणि २०२३ मध्ये जर्नलने जे छापलं, त्याला २०२४ या एका वर्षात मिळालेली सायटेशन्स, म्हणजे इतर लेखांनी घेतलेले संदर्भ, वर. त्या दोन वर्षांतले संशोधन लेख आणि रिव्ह्यू, म्हणजे आढावा लेख, खाली. गोम अशी की वर संपादकीयांना आणि वाचकांच्या पत्रांना मिळालेली सायटेशन्सही धरली जातात, खाली मात्र ती संपादकीयं आणि पत्रं मोजलीच जात नाहीत. समज, दोनशे लेखांवर हजार सायटेशन्स आली. आकडा झाला ५. त्यातली चारशे सायटेशन्स फक्त चार रिव्ह्यूंनी खेचली असतील, तर उरलेल्या १९६ लेखांच्या वाट्याला सरासरी तीनच येतात, आणि त्यातही बरेच लेख एकदोनवर थांबलेले असतात. तू रिव्ह्यू लिहिणार नाहीस, म्हणजे तो ५ तुझा नाही. इम्पॅक्ट फॅक्टर जिथे जाहीर होतो त्या जर्नल सायटेशन रिपोर्ट्समध्ये लेख आणि रिव्ह्यू यांचे मध्यक वेगळे दाखवलेले असतात, यादीत तोच रकाना घाल.

तुझ्या यादीत काही आकडे तीन दशांश स्थळांपर्यंत आहेत. जून २०२३ पासून इम्पॅक्ट फॅक्टर काढणारी कंपनी क्लॅरिव्हेट एकच दशांश देते. त्यामुळे आज एखाद्या जर्नलच्या मुखपृष्ठावर ५.४२७ असं झळकत असेल, तर तो आकडा जुना तरी आहे किंवा कुठल्या तरी 'ग्लोबल', 'इंटरनॅशनल' नावाच्या खोटे आकडे विकणाऱ्या दुकानातून आणलेला तरी. शिवाय दोन ठिकाणी तू साइटस्कोअर घेतला आहेस. तो स्कोपस या दुसऱ्या लेखसूचीचा, चार वर्षांच्या खिडकीवरचा. किलो आणि शेर एकाच रकान्यात लिहिल्यासारखं झालंय ते.

दोन वर्षांची खिडकी आपल्या क्षेत्राला सारखी लागू पडत नाही. स्टेम सेलच्या प्रयोगशाळेतल्या कामाचा उल्लेख वर्षभरात सुरू होतो. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या अभ्यासात रुग्णांचा पाठपुरावाच दोन ते पाच वर्षांचा. म्हणून 'ब्लड' किंवा 'हिमॅटोलॉजिका'ची तुलना 'सेल स्टेम सेल'शी करू नकोस. हिमॅटोलॉजीच्या, म्हणजे रक्तविज्ञानाच्या, वर्गवारीत जर्नल कितव्या चतुर्थकात, म्हणजे वरून कितव्या पाव भागात, एवढंच बघ. एकच जर्नल दोन वर्गवाऱ्यांत असलं तर चतुर्थकही दोन असतात आणि जाहिरातीत बरोबर चांगलाच छापला जातो.

सायटेशन म्हणजे खरेपणाचा दाखलाही नव्हे, याचं उदाहरण आपल्याच क्षेत्रातलं आहे. प्रौढांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी जवळपास कुठल्याही ऊतीच्या होऊ शकतात, असं सांगणारा २००२चा 'नेचर'मधला लेख २०२४ मध्ये मागे घेतला गेला. तोवर त्याला चार हजारांहून अधिक सायटेशन्स मिळाली होती. संदर्भ घेताना प्रत्येक लेखाच्या पबमेडच्या (वैद्यकीय लेखांच्या ऑनलाइन सूचीच्या) पानावर 'रिट्रॅक्टेड'ची पट्टी आहे का, हे सादर करायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघायचं.

आता ट्रेंडचा तुझा आलेख. 'ब्लड' आणि 'स्टेम' असे दोन शब्द टाकून शोधलंस, म्हणून रक्तदाब आला, रक्तशर्करा आली आणि उसाच्या कांड्यावरचे लेखही आले. कांड्यालाही इंग्रजीत स्टेमच म्हणतात. पबमेडवर मेश शब्दांनी, म्हणजे तिथल्या ठरीव विषयशब्दांनी, शोध, 'हिमॅटोपोएटिक स्टेम सेल्स' (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी) ही नोंद तिथे आहेच. मोकळ्या शब्दांत शोधताना ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही स्पेलिंगं घाल, नाहीतर हिमॅटोलॉजी आणि ल्युकेमियाचे कितीतरी लेख गळतील. वर्षवार संख्येला त्या वर्षीच्या पबमेडच्या एकूण नोंदींनी भाग, कारण सगळ्याच विषयांचे लेख वाढताहेत. आणि चालू वर्ष आलेखातून काढ. नोंदी अजून यायच्या असतात, रेघ खाली वळते आणि आपण 'रस कमी झाला' असं लिहून बसतो. लेखकवार मोजणी तर आपल्याकडे जपूनच: 'पाटील एस.' हे एक नाव सांगलीपासून शिकागोपर्यंत किती माणसांचं आहे ते बघशीलच. तुझा स्वतःचा ऑर्किड क्रमांक, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, आजच काढ.

विषयाचं म्हणशील तर वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच. सीडी३४ ही खूण असलेल्या रक्ताच्या मूळ पेशींमध्ये जनुकीय बदल करून सिकलसेलवर उपचार करणाऱ्या कॅसजेव्हीला २०२३च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याच वर्षी आपल्याकडे नेक्सकार१९ या रक्ताच्या कर्करोगावरच्या पेशी-उपचाराला मिळाली. वेल्लोरला हिमोफिलिया-एवर जनुकोपचार झाले. पण त्यासाठी लागणारी निर्जंतुक उत्पादन-खोली, जनुक पेशीत पोचवणारा व्हेक्टर आणि पैसा तुझ्या आवाक्यात नाही. मेसेंकायमल पेशी (हाड, चरबी, कूर्चा बनवू शकणाऱ्या मूळ पेशी) आवाक्यातल्या वाटतात, म्हणून तिथे गर्दी आहे. करायचंच तर २००६चे किमान निकष पाळ: पेशी प्लास्टिकला चिकटल्या पाहिजेत, सीडी७३, ९०, १०५ ही पृष्ठभागावरची प्रथिनं किमान ९५ टक्के पेशींवर, सीडी४५, ३४ वगैरे २ टक्क्यांच्या आत, आणि हाड, चरबी, कूर्चा तिन्ही बनवून दाखवायचे. पॅसेज क्रमांक, म्हणजे पेशी कितव्यांदा नव्या भांड्यात वाढवल्या ते, लिहिला नाही, तर परीक्षक पहिल्याच फेरीत पकडतो.

माझं मत विचारशील तर तुझ्या भागात याहून चांगला प्रश्न उभा आहे. कराड-वाळवा पट्ट्यात ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत लोहाच्या कमतरतेमुळे थॅलेसेमियाचे किती वाहक निसटतात? हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी यंत्रावर हिमोग्लोबिन ए-२ हा प्रकार चार टक्क्यांवर असला की वाहक ओळखता येतो. पण लोह कमी असेल तर ए-२ खाली येतं आणि माणूस साडेतीन ते चारच्या कुंपणावर बसतो. पुस्तकी उपाय म्हणजे लोह देऊन तीन महिन्यांनी पुन्हा तपासणं. इथे तो चालत नाही. पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की टोळी बीडला परत. म्हणून सगळं पहिल्याच दिवशी घे: जांभळ्या झाकणाची ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी) सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि एचपीएलसीला, लाल झाकणाची साधी नळी फेरिटिन (लोहसाठ्याचं माप) आणि सीआरपी (दाहाचं माप) यांना. सीआरपी यासाठी की अंगात दाह असला की फेरिटिन खोटं वर दिसतं. कुंपणावरच्या नमुन्यांचा डीएनए काढून बीटा-ग्लोबिन जनुकाची तपासणी बाहेर पाठव.

नमुने कोप्यांवरून, म्हणजे टोळ्यांच्या झोपड्यांवरून, मिरजेला त्याच दिवशी पोचायला हवेत. नळी उन्हाळ्यासारख्या हवेत रात्रभर गाडीत राहिली की तांबड्या पेशी फुगतात, एमसीव्ही, म्हणजे त्यांचं सरासरी आकारमान, वाढतो. वाहकाची जी खूण तू शोधते आहेस, ती लहान पेशींची, तीच पुसली जाते. नळीवर रक्त घेतल्याची वेळ लिही, नुसती तारीख नको.

छापायला इंडियन जर्नल ऑफ हिमॅटोलॉजी अँड ब्लड ट्रान्सफ्यूजनपासून सुरुवात कर. दुसऱ्या कुठल्याही नावासाठी वेब ऑफ सायन्सची मास्टर लिस्ट बघ आणि एनएलएमच्या (अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या) कॅटलॉगमध्ये जर्नल त्यांच्या निवडक सूचीला, मेडलाइनला, 'सध्या अनुक्रमित' आहे का, तेही. नुसतं पबमेडमध्ये सापडणं पुरेसं नाही. यूजीसीने आपली मान्य जर्नलांची केअर यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा तिचा शिक्का दाखवणाऱ्याला हात जोड. फीबद्दल घाबरू नकोस: संमिश्र जर्नलात (जिथे लेख खुला ठेवायचा की वर्गणीदारांपुरता, हे लेखक निवडतो) वर्गणीचा मार्ग निवडला तर लेखकाला प्रकाशन शुल्क नसतं. वाचायला मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जा. वन नेशन वन सबस्क्रिप्शन ही जर्नलांच्या सामायिक वर्गणीची योजना सरकारी संस्थांना आहे. आणि पीएचडीचं म्हणशील, तर २०२२च्या यूजीसी नियमांत प्रबंधाआधी लेख छापलाच पाहिजे ही सक्ती उरलेली नाही. विद्यापीठाची स्वतःची अट असेल तर ती वेगळी विचार.

एथिक्स कमिटीची मंजुरी पहिल्या नळीच्या आधी हवी, नंतर मिळत नाही. संमतीपत्र मराठीत असू दे, आणि ते मुकादमाला नाही, बाईला स्वतःला वाचून दाखवायचं. साखर कारखान्यांच्या बॉयलर अग्निप्रदीपनाच्या, म्हणजे हंगाम सुरू होण्याच्या, पत्रिका वाटायला लागल्या की उशीर झाला समज. कमिटीकडच्या अर्जाचा मसुदा गणपतीच्या आत माझ्याकडे पाठव. यादी सध्या बाजूला ठेव.

कळावे,
तुझे सर