वाचक विचारतात : यादीत नाव नसलेले प्रवासी

प्रश्न : बाई, टायटॅनिकपेक्षा जास्त माणसं बुडालेली दुसरी बोट आहे का? आमच्या वर्गात सगळे म्हणतात, तीच सगळ्यांत मोठी.
(नववीतली विद्यार्थिनी, सोलापूर)

आहे गं, आणि एकच नाही. टायटॅनिकवर 1912 साली सुमारे 1,500 माणसं गेली. युद्धकाळातलं बघायचं तर 30 जानेवारी 1945 ला बाल्टिक समुद्रात 'विल्हेल्म गुस्टलॉफ' हे जर्मन जहाज सोव्हिएत पाणबुडीनं बुडवलं. त्यावर खचाखच निर्वासित होते, त्यांत बायका-मुलं जास्त. मृतांचा अंदाज 9,000 च्या वर जातो.

पण तू वहीत लिहून ठेवावंस ते नाव 'डोन्या पाझ'चं. फिलिपिन्समधली ही प्रवासी बोट. 20 डिसेंबर 1987 ला ताक्लोबानहून मनिलाला निघालेली. नाताळ तोंडावर आलेला, त्यामुळे दिवाळीत आपल्याकडची एसटी भरते तशी ती भरलेली. एकेका खाटेवर तिघं-चौघं, उरलेले बोळात चटया टाकून. वाटेत रात्री 'वेक्टर' नावाच्या तेलवाहू जहाजाशी तिची टक्कर झाली. त्यात 8,800 बॅरल इंधन होतं. ते पेटलं, आणि भोवतालचं पाणीही पेटलं. उडी मारली तरी आगीतच. दोन्ही जहाजांवरची मिळून 26 माणसं वाचली.

कागदोपत्री बोटीवर प्रवासी होते 1,493. सरकारी मोजणीत मृतांचा आकडा पुढे 4,386 वर गेला. म्हणजे हजारो माणसं अशी, जी बोटीवर चढल्याची नोंदच नव्हती. पहिल्या पाच दिवसांत ज्या 21 प्रवाशांच्या मृतदेहांची ओळख पटली, त्यांतलं एकच नाव यादीत सापडलं. नातेवाईक फोटो घेऊन आले म्हणून बाकीच्यांचा हिशेब लागला. ज्या घरातलं कुणी मागे उरलंच नव्हतं, त्या घराचं नाव कोण सांगणार? हा विषय मी वर्षानुवर्षं वाचते आहे, आणि दर वेळी मला या एका प्रश्नापाशी थांबावं लागतं.

प्रश्न : मी लग्न होऊन अलिबागकडून सोलापुरात आले. आमच्याकडे 'रामदास' बोटीची गोष्ट घराघरात आहे, इथं कुणी नावही ऐकलेलं नाही. एवढी मोठी घटना विसरली कशी जाते?
(एक वाचक, विजापूर रोड)

ताई, तुमचं पत्र वाचून बरं वाटलं. इथल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. 17 जुलै 1947, सकाळी आठच्या सुमाराला 'रामदास' भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढ अमावस्येला गावी जाणारी माणसं, वर पावसाळ्यातला खवळलेला दर्या. काशाच्या खडकाजवळ एक मोठी लाट बाजूनं आदळली. भिजलेले, घाबरलेले लोक एकदम दुसऱ्या बाजूला धावले. तोल त्या बाजूला गेला आणि पुढच्या लाटेनं बोट उलटली. सहाशेच्या वर माणसं गेली.

बोटीवर वायरलेस नव्हता. मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी मासळी समुद्रात टाकून दिली आणि माणसं होड्यांत ओढून घेतली. मुंबईला मात्र दुपार उलटेपर्यंत पत्ता नव्हता. कुणीतरी पोहत किनारा गाठला, तेव्हा कळलं.

विसरली कशी, याचं उत्तर तारखेतच आहे. महिन्याच्या आत 15 ऑगस्ट आला. वर्तमानपत्रात फाळणी, स्वातंत्र्य, निर्वासित. कोकणातल्या सहाशे घरांचं दुःख आतल्या पानावर गेलं. अमेरिकेतही हेच झालं होतं. 27 एप्रिल 1865 ला मिसिसिपी नदीत मेम्फिसजवळ 'सुलताना' या आगबोटीचे बॉयलर फुटले. 376 जणांसाठी बांधलेल्या बोटीवर दोन हजारांच्या वर माणसं होती, बहुतेक युद्धकैदेतून सुटून घरी निघालेले सैनिक. हजाराहून जास्त मेले. पण लिंकनची हत्या होऊन दोन आठवडेही झाले नव्हते आणि मारेकरी आदल्याच दिवशी मारला गेला होता. सैनिकांकडे बघायला कुणाला वेळ नव्हता.

तुमच्या घरात बुडालेल्यांची नावं कुणाला ठाऊक असतील तर लिहून ठेवा, ताई. वय, गाव, कुणाकडे निघाले होते, तेही.

प्रश्न : 1944 साली मुंबई बंदरात कापसामुळे जहाज उडालं म्हणतात. आमच्या घरच्या तीन पिढ्या गिरणीत गेल्या. कापूस जळतो, पण उडतो कसा?
(निवृत्त गिरणी कामगार)

कापूस उडाला नाही, काका. 'फोर्ट स्टिकिन' जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती आणि त्याच जहाजात कराचीला कापसाच्या 8,700 गाठी चढवल्या होत्या. 12 एप्रिलला ते व्हिक्टोरिया डॉकला लागलं. दोन दिवसांत सगळा माल उतरलाच नाही. 14 तारखेच्या दुपारी गाठींतून धूर दिसला. माझे वडील जुन्या मिलमध्ये गोदामावर होते. ते सांगायचे, पेटलेल्या गाठीवर वरून कितीही पाणी मारा, ती आत धुमसतच राहते. बाहेर ओढायची, पट्ट्या तोडायच्या, पिंजून मोकळी करायची, तेव्हा कुठं विझते. जहाजाच्या पोटात ते करणार कोण? बंबवाले पाणी मारत राहिले. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा त्याहून मोठा. 66 अग्निशामक गेले. 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळतात तो त्यांच्यासाठी. एकूण मृत आठशे की तेराशे, यावर आजही एकमत नाही, कारण धक्क्यावरच्या हमालांची हजेरी कुणाच्या वहीत नीट नव्हती.

प्रश्न : उजनीच्या पाण्यातून आम्ही होडीनं पलीकडे जातो. काय बघून बसावं?
(एक शेतकरी, करमाळा तालुका)

21 मे 2024 ला कुगावहून कळाशीकडे निघालेली होडी वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले, हे तुम्हाला मी सांगायला नको. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ काळं दिसलं की निघूच नका, कितीही घाई असो. जाकीट नुसतं मांडीवर ठेवू नका, बंद बांधा, लेकरांचे आधी. मोटरसायकल आणि खताची पोती माणसांसोबत चढवत असतील तर पुढच्या फेरीला थांबा. मधोमध, खाली बसा. पाणी आत आलं तरी उठून एका बाजूला सरकू नका. गर्दी किती महागात पडते बघा : सेनेगलची 'ले जोला' 2002 साली उलटली तेव्हा सुमारे 580 जणांच्या बोटीवर तिप्पट माणसं होती. 1,800 हून जास्त गेली, 64 वाचली. आणि ग्रामपंचायतीला सांगून काठावर एक वही ठेवून घ्या. चढणाऱ्याचं नाव, गाव, घरच्यांचा फोन नंबर. तान्ह्या मुलाचंही नाव लिहा.