घरामागे एकांताची बाग करायची आहे? आधी एक पावसाळा पडवीत बसून काढा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: हर्णैजवळ आजोबांच्या वाटणीचं कौलारू घर आणि मागे आठ गुंठे जागा आहे. तिथे कोणाच्या नजरेत न येणारी, मन रमेल अशी बाग करायची आहे. लॉन आणि कारंजं घालावं का, आणि सुरुवात कुठून करावी?

मी जवळच, आंजर्ल्याला राहतो. घर, मागे विहीर, मग वाडी म्हणजे माड-पोफळींची बाग, मग पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू. लॉन घालू नका, हे पहिल्यांदा सांगतो. चैत्र-वैशाखात विहिरीचं पाणी खाली जातं तेव्हा माडांना पुरवावं की गवताला, हा प्रश्न रोज पडेल आणि आषाढात त्याच गवतातून गुडघाभर रान उठेल.

सुरुवात पाण्यापासून करा. या पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. ते पाणी तुमच्या जागेत कुठून येतं, कुठे थबकतं, पागोळीची रेघ कुठे उमटते, हे कागदावरच्या आराखड्यात दिसत नाही. मी पूर्वी बसायला म्हणून सिमेंटचा कोबा करून घेतला होता, सुंदर सपाट. पहिल्याच जुलैत तिथे डबकं झालं आणि वर शेवाळ, आईचा पाय घसरता घसरता वाचला. पुढच्या उन्हाळ्यात सगळा फोडला. आता जांभ्याचे चिरे नुसते वाळूवर बसवलेत, सांधे मोकळे ठेवून, दहा फुटांना दोन-अडीच इंच उतार देऊन. पाणी मुरतं. शेवाळ चिऱ्यावरही धरतंच, पण खराट्याने घासलं की निघतं.

आता एकांत. त्यासाठी उंच भिंत बांधायचा मोह होईल, बांधू नका. वारा अडतो, जागा कोंदट होते आणि भाद्रपदात डास बसू देत नाहीत. आमच्याकडे छातीएवढा गडगा, म्हणजे रचलेल्या दगडांची भिंत आहे आणि त्याच्या आतून अडुळसा लावलाय. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत, त्यामुळे तो दाट राहतो. पण खरा आडोसा होतो तो वाटेच्या वळणाने. आमची पायवाट विहिरीला वळसा घालून जाते, म्हणून पडवीत उभं राहिलं तरी बसायची जागा दिसत नाही. दहाबारा पावलांचं अंतर आहे, पण वळण घेतलं की घरातली भांडीसुद्धा लांब वाजल्यासारखी वाटतात.

आणि सावली. तिची किंमत मला ३ जून २०२० ला कळली. निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूने जमिनीवर आलं आणि संध्याकाळपर्यंत आमच्या दीडशेएक पोफळींतल्या (सुपारीच्या झाडांतल्या) तीसबत्तीस उभ्या होत्या. दुसऱ्या दिवशी पडवीतून शेजाऱ्यांचं मागचं दार दिसलं, जन्मात पहिल्यांदा. आई काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. त्या वर्षी केळी लावल्या, कारण आठदहा महिन्यांत सावली देणारं दुसरं काही नाही. हद्दीवर गिरिपुष्पाच्या काठ्या खोचल्या, त्या पहिल्या पावसातच फुटल्या. माडांच्या मधे जायफळ घातलं, त्याला सावलीच लागते. जायफळ घ्याल तर कलमच घ्या. त्यात नर-मादी झाडं वेगळी असतात आणि बियांपासून केलेलं रोप नर निघालं तर पाचसात वर्षांनी कळतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. समुद्राच्या अंगाला मात्र यातलं काही लावू नका, खाऱ्या वाऱ्याने पानं करपतात. तिथे उंडी, करंज, केवडा. उंडी सावकाश वाढते, पण तिची पांढरी फुलं आली की वासाने कळतं.

बसायची जागा आमच्याकडे बकुळीखाली आहे. चिऱ्यांचे दोन खांब आणि वर ऐनाची फळी, बस. लोखंडी बाक आणू नका, खाऱ्या हवेत तीन वर्षांत गंजतो. बकुळीची फुलं रात्रभर टपटपत राहतात. सकाळी आई परडी घेऊन येते. फुलाच्या मधे जन्मजात भोक असतं, त्यामुळे सुई लागत नाही, केळीच्या सोपाचा दोरा सरळ आत जातो. सुकल्यावरही वास राहतो, आमच्या कपाटात गेल्या वर्षीच्या माळा आहेत. झाड सावकाश वाढतं, म्हणून आजच लावा आणि तोवर पोफळीच्या खांबांचा मांडव घालून त्यावर जाई सोडा. पावसाळ्यात त्याच मांडवावर आमच्याकडे पडवळ असतं.

माडाखाली बाक कधीही ठेवू नका. नारळ आणि सुकी झावळी सांगून पडत नाही.

कारंज्याऐवजी दोण, म्हणजे पाणी साठवायची दगडी कुंडी करा. आमच्या विहिरीशी जुनी दगडी दोण आहे. पंपाचं पाणी आधी तिच्यात पडतं, तिथून ओसंडून चिऱ्याच्या पाटाने अळवाकडे आणि सोनटक्क्याकडे जातं. पाण्याचा आवाज फक्त शिंपण्याच्या वेळी येतो, सकाळ-संध्याकाळ अर्धा तास, पण त्या अर्ध्या तासासाठी मी हातातलं काम सोडून तिथे जाऊन बसतो. सोनटक्क्याला ओली जमीन हवी असते. श्रावणात तिन्हीसांजेला तो उमलतो तेव्हा पाटाच्या कडेने चालून बघा. दोणीत गप्पी मासे सोडा म्हणजे डासांच्या अळ्या राहणार नाहीत.

एक काळजीची गोष्ट. गडग्याच्या फटीत, चिऱ्यांच्या ढिगात फुरसं असतं, हा विषारी साप. लहान असतं, मातीच्या रंगाचं, दिसत नाही. बसायच्या जागेभोवती चारपाच फूट झाडून मोकळं ठेवा, उरलेले चिरे तिथे रचून ठेवू नका आणि अंधारात विजेरीशिवाय जाऊ नका. चावलं तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

दिव्यांबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. एकच पिवळा दिवा, खाली वाकवलेला. तुमची वाडी पुळणीला लागून असेल तर समुद्राच्या दिशेने एकही नको. आंजर्ल्याला, वेळासला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं वाळूतून वर येतात ती उजेडाकडे चालतात, आणि किनाऱ्यावर दिवा असला की समुद्राऐवजी तुमच्या बागेकडे येतील.

या वर्षी एवढंच करा: मृग निघायच्या आत हद्दीवर गिरिपुष्पाच्या काठ्या, पहिला पाऊस झाला की एक बकूळ आणि पाचसहा केळी. मग खुर्ची घेऊन मागच्या पडवीत बसा आणि पाणी कुठून जातं ते बघा. चिरे दिवाळीनंतर मागवा.