वडील गेले तेव्हाही इतकी रडले नव्हते

"वडील गेले तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. माझ्यात काही बिघडलंय का?" पन्नाशीच्या एक बाई विचारत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्यांचा शेरू, रस्त्यावरून घरी आणलेला गावठी कुत्रा, तेराव्या वर्षी मूत्रपिंडं निकामी होऊन गेला होता. जाऊबाई म्हणाल्या, "कुत्र्यासाठी एवढं?" नवरा म्हणाला, "दुसरा आणू."

हा प्रश्न अनेकजण विचारतात, बहुतेकदा खालमानेनं. म्हणून स्पष्टच सांगते: यात काहीही बिघडलेलं नाही.

मी त्यांना वडिलांविषयी बोलतं केलं. वडील गावी असायचे, सणासुदीला भेट व्हायची. ते गेले तेव्हा घर माणसांनी भरलं, शेजारून पिठलं-भात आला. दहावं, तेरावं होईपर्यंत येणाऱ्या प्रत्येकाला तीच हकिगत सांगताना रडूही येत गेलं आणि मन हलकंही होत गेलं. शेरूसाठी सुतक नव्हतं. भेटायला कुणी आलं नाही. रजेच्या अर्जात कारण काय लिहिणार, म्हणून दुसऱ्याच दिवशी त्या कामावर गेल्या. समाज ज्याला दुःख मानत नाही अशा शोकाविषयी अमेरिकेतले अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये सविस्तर लिहिलं. असा शोक आत साठतो.

शिवाय शेरू त्यांच्या दिवसाच्या प्रत्येक तासात होता. पहाटेचा फेरफटका, पोळ्या लाटताना पायाशी बसणं, संध्याकाळी किल्लीचा आवाज येताच दाराशी धाव. ते सगळं एकाच दिवशी थांबलं. वडिलांवर माया कमी होती, असा याचा अर्थ होत नाही.

या नात्याला शरीराचाही आधार आहे. जपानमधल्या संशोधकांना २०१५ मध्ये आढळलं की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं. आई आणि बाळाच्या नात्यातही हेच संप्रेरक काम करतं. जर्मनीत बॉनजवळ सुमारे १४,००० वर्षांपूर्वीच्या दफनात एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यासोबत कुत्र्याचं पिल्लू सापडलं. दातांवरून ते गंभीर आजारी होतं असं दिसतं. माणसांनी शुश्रूषा केल्याशिवाय ते तितके दिवस जगलं नसतं. हे ऐकताना बाई पहिल्यांदा मोकळेपणी रडल्या.

पुढच्या भेटीत खरी गाठ कळली. शेवटच्या इंजेक्शनला होकार त्यांनीच दिला होता. "मीच मारलं त्याला." मी समजूत घातली नाही, पशुवैद्यांना पुन्हा भेटायला सांगितलं. रक्तातली विषद्रव्यं किती वाढली होती, तो अन्न का टाकत होता, पुढे किती यातना होत्या, हे त्यांनी डॉक्टरांच्या तोंडून शांतपणे ऐकलं. त्यानंतर झोप लागू लागली. नवऱ्यालाही मी बोलावलं. त्यांना तर रिकामा कोपरा बघवत नव्हता, म्हणून दुसऱ्याची घाई!

पहाटेचा फेरफटका त्यांनी सोडलेला नाही, आता दोघं मिळून जातात. नव्या पिल्लाचा विषय मी सध्या बाजूला ठेवायला सांगितलाय.

मात्र आठवडेच्या आठवडे जेवण-झोप उडाली किंवा जगणं नको वाटू लागलं, तर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मोफत सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. कुत्रा गेलाय हे सांगायला तिथेही संकोचू नका.