लेकीच्या चित्राला नुसतं 'छान' म्हणू नका

ताई, चित्रकलेची आवड असलेल्या लेकीला घरून कशी साथ द्यावी, असं तुम्ही विचारलंत. आठवीतली पोर रोज चित्राची वही घेऊन बसते, म्हणजे निम्मं काम झालं. माझी लेक याच वाटेनं गेली, म्हणून सांगतो.

महागडे रंग आत्ता नकोत. एचबी, टूबी, फोरबी (एकीपेक्षा एक मऊ आणि गडद) पेन्सिली आणि जाड कागदाची वही पुरे. मोबाईलवरचं चित्र उतरवण्यापेक्षा समोरचं काढू द्या: रांजण, ज्वारी पाखडणारी आजी, गोठ्यातला बैल. माझ्या लेकीचा बैल वर्षभर जमत नव्हता. पोळ्याच्या दिवशी ती बैलाशेजारीच बसून राहिली, तेव्हा वशिंडाचा उतार मानेला कुठं मिळतो ते तिला दिसलं.

घरच्यांच्या चुका ठरलेल्या:
- नुसतं 'छान' म्हणणं. 'ही सावली कशी जमवलीस?' असं विचारा, ती भरभरून बोलेल.
- चित्रात आपला हात घालणं. मी एकदा नाक सुधारून दिलं. महिनाभर तिनं वही दाखवली नाही.
- जुनी चित्रं रद्दीत देणं. तारीख टाकून ठेवा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षा द्यायच्याच, पण दडपण नको. सुट्टीत अजिंठ्याला न्या. लेणी क्र. १ मधल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भित्तिचित्रासमोर तिला हवा तेवढा वेळ उभं राहू द्या, 'चल चल' करू नका.