ईसीजीत ‘फर्स्ट डिग्री एव्ही ब्लॉक’ आलाय, वडिलांना पेसमेकर बसवावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय त्यानुसार वडील 66 वर्षांचे, नेहमीच्या तपासणीत पीआर (विजेचा संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ) 230 मिलिसेकंद आला, चक्कर किंवा धाप नाही, आणि बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू आहे. एवढ्यावरून पेसमेकर बसवत नाहीत. मी रोज ईसीजी वाचतो. या वयात हा शेरा वरचेवर दिसतो आणि घरचे लोक ‘ब्लॉक’ वाचून हादरतात. हा अडथळा हृदयातल्या विजेच्या वाटेवरचा आहे. रक्तवाहिनी तुंबलीय असं त्यावरून म्हणता येत नाही.

पट्टी समोर धरा. कागद सेकंदाला 25 मिलिमीटर सरकतो, म्हणजे एक बारीक चौकोन 40 मिलिसेकंदांचा. पी हा वरच्या कप्प्यांचा छोटा उंचवटा सुरू होतो तिथपासून खालच्या कप्प्यांच्या उंच क्यूआरएसच्या सुरुवातीपर्यंत चौकोन मोजा. तीन ते पाच ठीक. वडिलांचे पावणेसहा भरतील. आता प्रत्येक पीमागे क्यूआरएस आहे ना, ते बघा. फर्स्ट डिग्रीत तो उशिरा येतो, पण एकही चुकत नाही. वरच्या कप्प्यातला संदेश एव्ही नोडमध्ये, म्हणजे वरच्या-खालच्या कप्प्यांमधल्या विजेच्या ठाण्यात, थोडा जास्त रेंगाळतो, इतकंच.

खरा प्रश्न असतो अडथळा नेमका कुठे आहे याचा. नोडमध्येच असेल तर तो सहसा सौम्य. पीआर ठोक्यागणिक लांबत जाऊन एखादा ठोका गळतो, तो प्रकार वेंकेबाख या डच डॉक्टरांनी 1899 मध्ये, ईसीजी यंत्र येण्याआधीच, नुसत्या नाडीच्या आलेखावरून ओळखला होता (मला याचं आजही नवल वाटतं). गाढ झोपेत किंवा कसलेल्या खेळाडूंमध्ये तो दिसला तरी बहुधा काही करावं लागत नाही. ‘मोबिट्झ टाइप टू’ हा ब्लॉकचा प्रकार मात्र वेगळा. त्यात पीआर तसाच राहतो आणि मध्येच एक क्यूआरएस गायब होतो. बिघाड नोडच्या खाली असतो, पूर्वसूचना न देता पूर्ण ब्लॉक होऊ शकतो, म्हणून त्रास नसला तरी पेसमेकर सुचवतात. पूर्ण ब्लॉकमध्ये पी आणि क्यूआरएस आपापल्या तालात चालतात. खालचे कप्पे बऱ्याचदा मिनिटाला जेमतेम 30-40 ठोके देतात.

रिपोर्टवर क्यूआरएसची रुंदीही छापलेली असेल. ती 120 मिलिसेकंदांच्या आत असेल तर दिलासा. जास्त असेल, किंवा बंडल ब्रँच ब्लॉकही (नोडच्या खालच्या विजेच्या फांद्यांमधला अडथळा) लिहिला असेल, तर कार्डिओलॉजिस्टना दाखवाच; बहुधा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि 24 तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभर ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) सांगतील.

तुमच्या वडिलांच्या बाबतीत मला पहिला संशय मेटोप्रोलॉलचाच येतो. मेटोप्रोलॉलसारखे बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम, व्हेरापामिल, डिगॉक्सिन या सगळ्या औषधांनी पीआर लांबतो. पोटॅशियम आणि थायरॉइडही तपासून घ्यावं. जुना ईसीजी सापडला तर सोन्याहून पिवळं: पाच वर्षांपूर्वीही 220 असेल, तर घाबरण्याजोगं फारसं काही उरत नाही.

गोळी मात्र तुमच्या मनाने बंद करू नका. बीटा ब्लॉकर एकदम थांबवला तर बीपी उसळू शकतं, छातीत दुखू शकतं. डोस कमी करायचा की औषध बदलायचं, ते डॉक्टर ठरवतील. आणि वडिलांच्या डोळ्यांपुढे अचानक अंधारी आली, ते कोसळले, किंवा नाडी 40 च्या खाली जाऊन गळून गेल्यासारखं वाटलं, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता तडक इमर्जन्सीत न्या.