आजीच्या जात्यावरच्या ओव्या ऑडॅसिटी या आवाज कापायच्या प्रोग्रॅममध्ये कापून सेव्ह केल्या, पण भावाच्या कॉम्प्युटरवर फाइल वाजतच नाही. काय चुकलं? फाइली नीट कशा ठेवायच्या?

भावाच्या कॉम्प्युटरमध्ये बिघाड नाही. 'सेव्ह प्रोजेक्ट' केल्यावर जी एयूपी३ फाइल तयार होते, ती म्हणजे खडूच्या खुणा आणि कच्चे टाके असलेलं कापड. ऑडॅसिटीतच उघडते, साध्या प्लेअरवर वाजत नाही. भावाला ऐकवायचं तर 'एक्सपोर्ट' करून एमपी३ काढा आणि ती पाठवा. प्रोजेक्टही राहू द्या, पुढं दुरुस्ती करायला तोच लागतो.

पण मला तुम्हाला खरं सांगायचंय ते मूळ रेकॉर्डिंगबद्दल.

मी सांगलीत राहते. तासगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आत्याच्या ओव्या मी फोनवर रेकॉर्ड केल्या होत्या. घरी येऊन ऐकलं तर जात्याची घरघर फार वाटली, म्हणून नॉइज रिडक्शन (मागचा गोंगाट कमी करायची सोय) लावलं आणि त्याच नावानं, त्याच फाइलवर एमपी३ एक्सपोर्ट केली. घरघर गेली, पण आत्याचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. ओवी संपली की ती दम घ्यायची आणि मूठभर शाळू जात्यात वैरायची. ते दाणे पडल्याचा बारीक आवाजही गेला. फोनमधलं मूळ मी जागा करायला आधीच पुसलं होतं. आत्या आता नाही.

म्हणून फोनमधून फाइल आली की पहिल्यांदा 'मूळ' नावाचं फोल्डर करा, तिथं ती ठेवा आणि प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रीड-ओन्ली करा. काटछाट कॉपीवरच. फाइल केबलनं उतरवा. व्हॉट्सअ‍ॅपवरूनच घ्यायची झाली तर डॉक्युमेंट म्हणून पाठवून घ्या. फोनची एमफोरए फाइल ऑडॅसिटीत उघडत नसेल तर एफएफएमपेग नावाची जोड कॉम्प्युटरवर टाकावी लागते.

काम संपल्यावर पक्की प्रत वेव्ह (.wav) फाइलमध्ये काढा. एमपी३ करताना आवाजाचा काही भाग टाकून दिला जातो, आणि तीच एमपी३ पुन्हा उघडून पुन्हा एमपी३ केली की दर वेळी आणखी थोडा. वेव्हमध्ये तसं होत नाही. जागा मात्र खाते: ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनोला (एकाच चॅनेलच्या आवाजाला) मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे तासाला ३०० एमबीच्या थोडं वर. १२८ केबीपीएसची एमपी३ तासाला ६० एमबीच्या आत बसते. वेव्ह जड वाटली तर फ्लॅक (.flac) फाइल करा, तीत काही गमावत नाही. एकट्या माणसाच्या आवाजाला मोनो पुरतं.

नावात वर्ष आधी घाला: '२०२४-०५-१२_आजी_ओव्या_०१_मूळ', मग '०१_कापलेली'. फाइली आपोआप तारखेप्रमाणे लागतात. 'फायनल', 'फायनल नवीन' अशी नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी तुम्हालाच उलगडणार नाहीत.

प्रोजेक्टवर काम हार्डडिस्कवरच करा, पेनड्राइव्हवरून थेट नको. आणि त्याची कॉपी ऑडॅसिटी बंद करून मगच घ्या. जुन्या ऑडॅसिटीत, म्हणजे २०२१ साली ३.० येण्याआधी, प्रोजेक्टच्या शेजारी डेटाचं वेगळं फोल्डर असायचं; नुसती एयूपी फाइल उचलली की आवाज मागंच राहायचा. तुमच्याकडं तसं जुनं काही असेल तर दोन्ही बरोबर हलवा.

तुमच्या फोनमध्ये मूळ अजून असेल तर आज आधी तेवढं दोन ठिकाणी उतरवून घ्या. भावाला एमपी३ उद्या पाठवली तरी चालेल.